परीक्षेच्या दिवसाचा ताप

शाळेत त्यांना सगळे पाढेबाई म्हणत. कोणी उशिरा येवो, दंगा करो, डबा सांडो की नळ उघडा ठेवो, त्यांच्याकडे शिक्षा एकच: पाढा म्हण. सतराचा पाढा म्हणजे मोठा गुन्हा आणि एकोणतीसचा म्हणजे जन्मठेप. आवाज खणखणीत, चाल तुरुतुरु, उजवी बाही खडूने कायमची पांढरी. त्यांनी वर्गात पाऊल ठेवलं की मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप विझायची. हात मात्र त्यांनी कधी कोणावर उगारला नाही.

त्या याच शाळेत शिकल्या होत्या. वडील घरं रंगवायचे. एकदा शिडीवरून पडून ते कमरेतून अधू झाले, आणि पोरीची शाळा सुटल्यात जमा झाली. तेव्हा एक तरुण मास्तर रोज संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत, बसायचे नाहीत. "उद्या गणिताचा तास आहे, पोरीला पाठवा," एवढंच म्हणायचे आणि निघून जायचे. बाप एक दिवस वैतागला. "मास्तर, तुम्हाला दुसरं काम नाही का?" "आहे की," मास्तर म्हणाले, "पण ते तुमच्या पोरीवाचून अडलंय." शेवटी बापाने हात टेकले. तेच मास्तर पुढे हेडसर झाले, आणि पोरगी शिकूनसवरून त्यांच्याच शाळेत बाई होऊन आली. चारचौघांत हेडसर त्यांना "बाई" म्हणत. एकटे असले की "पोरी".

पाचवी ते आठवीची ती सरकारी शाळा गावाच्या टोकाला, बाटल्यांच्या कारखान्याच्या अलीकडे होती. पूर्वी तिथे सगळ्यांचीच मुलं यायची, डॉक्टरची, न्हाव्याची, पोस्टातल्या कारकुनाची. मग मोठ्या रस्त्यापलीकडे नवी शाळा निघाली. तीही सरकारीच, पण इमारत चकचकीत, मैदान ऐसपैस. इकडे कारखान्याने भट्ट्या वाढवल्या, लांबून लांबून माणसं आणली आणि मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी पत्र्याच्या शेड ठोकल्या. शेडमधली मुलं शाळेत येऊ लागली, तशी गावातली मुलं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. उघड कोणी काही बोललं नाही. कोणी म्हणे तिकडे बस दारात येते, कोणी म्हणे मैदान मोठं आहे. पट तेवढाच राहिला, पटावरचे चेहरे बदलले. या मुलांची घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी. ठेकेदार बदलला की गावही बदलायचं आणि शाळाही. निकाल पहिल्या वर्षी घसरला, दुसऱ्या वर्षी कोसळला.

पाढेबाईंची स्वतःची मुलगीही रस्त्यापलीकडच्या शाळेत होती. "तिच्या आजीचा हट्ट," असं त्या कोणी विचारलं तर सांगायच्या. सासूबाई हट्टी होत्या हे खरंच. पण मुलीचा हात धरून तिला तिथे पहिल्या दिवशी सोडायला गेल्या होत्या त्या बाईच.

त्या वर्षी वरून हुकूम आला. यंदाच्या परीक्षेतही सरासरी ठरलेल्या रेषेखाली राहिली तर शाळा बंद, मुलं पलीकडच्या शाळेत. हुकमापाठोपाठ कारखान्याचा एक माणूस फीत घेऊन आला आणि वऱ्हांड्याची लांबी मोजून गेला. इमारत गोदामाला बरी पडेल, असं त्याने शिपायाला चहा पिता पिता सांगितलं. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत कोणी मोठ्याने हसेना.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी शाळा सुटल्यावर हेडसरांनी बाईंना खोलीत बोलावलं. खिडकी लावून घेतली. टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला.

"बस, पोरी."

बाई बसल्या.

"सातवी-आठवीतली काही पोरं अजून वाचताना अडखळतात. ती त्या दिवशी आजारी पडली तर?"

बाईंना आधी कळलंच नाही. "आजारी? कोण आजारी आहे?"

"अजून कोणी नाही." हेडसरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "आजारी मुलं सरासरीत धरत नाहीत. पालकांचा तोंडी निरोप चालतो."

खोलीत पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. 

"सर, तुम्ही हे बोलताय?"

"मीच बोलतोय. दुसरं कोण बोलणार?" हेडसरांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "शाळा बंद झाली तर काय होईल, विचार कर. तो रस्ता बघितलास ना? ट्रक कसे जातात बघितलेस? मुलगे जातील चारदोन. मुली? एकही आई आपल्या मुलीला तो रस्ता ओलांडून पाठवणार नाही. एक दिवस घरी बसवायचं, की कायमचं? तूच सांग. गणित तुझं पक्कं आहे."

 हेडसर खोटं बोलत नव्हते.

"मग पीटीसरांना सांगा."

"त्याला शेडमध्ये कोण दार उघडतंय? तुला उघडतात. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. कोण कोण ते तुला ठाऊक आहे. नावं माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

घरी आल्या तेव्हा नवरा अंगणात जळालेली पंपाची मोटार उघडून बसला होता. मोटारी भरून द्यायचं त्याचं काम; सगळीकडे तांब्याच्या तारेची वेटोळी. बाईंनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू यायचं, पण कुठल्या वेळी कुठल्या कानाने, हे त्या स्वतः ठरवत. त्या आतून बाहेर आल्या.

"मास्तर म्हणतो ते कर," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यामुळे चार अक्षरं शिकलीस. पोरं एक दिवस घरी बसली तर आभाळ कोसळत नाही."

"अहो, तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने तार दातात धरून ताणली, कापली. "मला काय विचारतेस? शाळा बंद झाली तर तुझी बदली कुठल्या कुठे होईल. आईचं बरोबर आहे. तू नाहीतरी जगाचा भार डोक्यावर घेतेस."

"आणि त्या मुलांना काय सांगू?"

"सांग, सुट्टी आहे. सुट्टी कोणाला नको असते?"

तो हसला. बाईंना हसू आलं नाही.

रविवारी सकाळी त्या शेडकडे गेल्या. दोन ओळींच्या मध्ये चिंचोळी वाट, वर वाळत घातलेले कपडे, पायाखाली काचेचा चुरा. पलीकडच्या आवारात बायका फुटक्या बाटल्या निवडत बसल्या होत्या: तपकिरी एकीकडे, हिरव्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे. काचेचा खळ्ळ असा आवाज सारखा चालू होता. बाई दिसताच कोणीतरी हाक मारली, कोणीतरी खुर्ची शोधायला धावलं. आणि मैना पळत आली.

मैना सातवीत होती. शाळेत आली तेव्हा तिला इथली भाषा अजिबात येत नव्हती. जे कानावर पडेल ते ती पुन्हा म्हणायची. बाई "गप्प बसा" म्हणाल्या की तीही "गप्प बसा" म्हणायची. वर्ग हसून लोटपोट व्हायचा. म्हणून मैना. आता ती चुरूचुरू बोलायची, पण छापील वाक्य समोर आलं की अडखळायची. आकडेमोडीत तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. अडायचं ते शब्दांत. एकदा गणितात होतं, दुकानदाराने दहा टक्के सूट दिली. तिने विचारलं, "बाई, दुकानदाराने सूट दिला, मग पँट कोणी दिली?" त्या दिवशी बाईसुद्धा पोट धरून हसल्या होत्या.

मैना त्यांना घरात घेऊन गेली. तिची आई हातावरचे जाड कापडी मोजे उतरवत मागून आली. तिला इथली भाषा जेमतेम दोन-चार शब्द येत. बाई काही बोलल्या की ते मैनाच आईला तिच्या भाषेत सांगायची. ही गोष्ट बाईंना माहीत होती, पण इथे येईपर्यंत ती डोक्यात आलीच नव्हती. आता तोंड उघडलं होतं.

"आईला सांग, परीक्षा आहे."

मैनाने सांगितलं. आईने हसून मान हलवली.

"सांग की… परीक्षेच्या दिवशी तुला बरं नसलं तर चालेल. घरी राहिलीस तरी चालेल."

मैना बोलायला लागली आणि मध्येच थांबली. बाईंकडे वळली.

"बाई, बरं नसलं म्हणजे आजारी ना? पण मी बरी आहे."

बाईंनी खाली बघितलं. "त्या दिवशी नसशील. असं आईला सांग."

मैना क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. ती मुलगी मंद नव्हती. शब्द अडले तरी माणसं तिला अडत नसत. मग तिने आईला तिच्या भाषेत सगळं सांगितलं, एकेक शब्द नीट जुळवत, वर्गात उत्तर द्यावं तसं. आई ऐकत राहिली. काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणाली आई?"

"आई म्हणते, बाई सांगतात तर बरोबरच असणार." मैनाने तळहातावर नख घासलं. "बाई, ताप आला सांगू, की पोटात दुखतं सांगू?"

बाई उठल्या. दुसऱ्या एकाही दारात त्या गेल्या नाहीत. पण त्याच दारात परत वळून "नको, तू ये" असंही म्हणाल्या नाहीत.  वाटेत दोघीतिघींनी हाक मारली. ऐकू आलंच नाही असं दाखवून त्या चालत राहिल्या.

सोमवारी त्यांनी हेडसरांना सांगितलं, "मला जमणार नाही, सर."

हेडसर रागावले नाहीत. रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "मग निदान तोंड बंद ठेव. एवढं तरी माझ्यासाठी कर."

काम पीटीसरांनी केलं. पाळी बदलताना ते कारखान्याच्या दाराशी उभे राहिले आणि शिट्टी फुंकावी तसं रोखठोक सांगून मोकळे झाले: ज्यांच्या पोरांना वाचता येत नाही त्यांनी त्या दिवशी पाठवू नका, तुमच्याच भल्याचं आहे. बापांनी माना हलवल्या. साहेबांनी सांगितलं की मान हलवायची, हे ते कारखान्यात शिकले होते.

परीक्षेआधीचे ते दिवस बाईंना खायला उठले. वर्गात उजळणी चालू होती आणि परीक्षेला न बसणारा अर्धा वर्ग उजळणी कोणासाठी हे विचारत नव्हता. मैना आपल्या जागेवर बसायची. पूर्वी प्रश्न संपायच्या आत तिचा हात वर जायचा. आता दोन्ही हात बाकाखाली. एकदा बाईंनी मुद्दाम तिला उभं केलं. तिने उत्तर बरोबर दिलं आणि विचारलं, "बसू?" एवढंच. शिक्षकांच्या खोलीत हेडसर आले की सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागत. बाईंना वाटे, आपण आत्ता बोललो तर शाळा बुडेल, नाही बोललो तर आपण बुडू. रोज सकाळी त्या ठरवून यायच्या की आज सरांशी पुन्हा बोलायचं. रोज संध्याकाळी न बोलता घरी जायच्या.

परीक्षेच्या सकाळी बाहेरून पर्यवेक्षक आले. वयस्क गृहस्थ, गळ्यात मफलर, हातात चहाचा थर्मास. प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट टेबलावर ठेवलं आणि ते वर्गातून एक चक्कर मारून आले. प्रत्येक बाकावर नंबर चिकटवलेला, आणि कितीतरी बाक रिकामे. मैनाचाही.

"एवढी मुलं एकदम आजारी?" पर्यवेक्षक दारात थबकले. "गावात साथ आहे की काय?"

"हवा खराब आहे," हेडसर म्हणाले. "कारखान्याचा धूर. पोरं सारखी आजारी पडतात. हो ना, बाई?"

सगळे बाईंकडे बघू लागले. पीटीसरांनी खिशातली शिट्टी मुठीत दाबली. हेडसर अगदी सहज उभे होते, पण त्यांच्या गळ्याची शीर उडताना बाईंना दिसत होती. एक 'हो' म्हटलं की झालं. इतक्या वर्षांत सरांनी त्यांच्याकडे याखेरीज कधीच काही मागितलं नव्हतं.

"मी बघून येते," बाई म्हणाल्या.

"काय?"

"किती ताप आहे ते. बघून येते." आणि त्या पायऱ्या उतरल्या.

मागून हेडसरांनी हाक मारली, तीही "पोरी" म्हणून, सगळ्यांसमोर. बाई थांबल्या नाहीत. फाटकाबाहेर पडल्यावर चालण्याचं धावणं कधी झालं त्यांनाच कळलं नाही. घंटा होईपर्यंतच फाटक उघडं राहणार होतं. एकदा पाकीट फुटलं की कोणालाही आत घेता येत नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या, मग काचेचा चुरा आठवला, आणि तुटकी चप्पल फरफटत त्या शेडमध्ये शिरल्या.

"चला!" त्या ओरडल्या. "सातवी-आठवीतली सगळी, चला, परीक्षा आहे!"

वाटेत गोट्या खेळणारी मुलं उठून उभी राहिली, पण पुढे आली नाहीत. एका दारातून एक बाप बाहेर आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे भट्टीने लाल.

"बाई, एकदा नको म्हणता, एकदा या म्हणता. आम्ही काय चेंडू आहोत?"

"चूक झाली," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पाठवा त्याला. मी सांगते ना."

"तुमच्याच शाळेने सांगितलं, पाठवू नका." त्याने दाराच्या चौकटीला हात लावला. "तुमची मुलगी पलीकडच्या शाळेत जाते ना? तिला कोणी सांगितलं का, आज घरी बस?"

 "नाही," बाई म्हणाल्या. "तिला कोणीच नाही सांगितलं."

बापाने मुलाला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. पण ते 'नाही' आजूबाजूच्या दारांनी ऐकलं होतं. एक आई पुढे आली, आपल्या मुलाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "जा." मग दुसरी. मुलं कंपास शोधायला आत पळाली.

मैनाचं दार लोटलेलं होतं. आत मैना अंथरुणावर पडली होती. गळ्यापर्यंत पांघरूण, कपाळावर ओल्या कापडाची घडी. आई कामावर गेलेली. घरात बघायला कुणी नव्हतं, तरीही ती सांगितल्याप्रमाणे आजारी होती.

"बाई, मी ताप ठरवला," ती म्हणाली.

बाई खाली बसल्या. तिच्या कपाळावरचं कापड त्यांनी काढलं. "उतरला," त्या म्हणाल्या. "ऊठ. मी तुला खोटं सांगितलं होतं. मी चुकले. पळ आता."

मैनाने काही विचारलं नाही. चप्पल पायात अडकवून ती बाईंच्याही पुढे धावत सुटली.

शाळेच्या फाटकाला आतून कडी होती. कडीला हात लावून पीटीसर उभे होते.

"उशीर झाला, बाई."

"घंटा झालेली नाही."

"होतेच आहे."

मुलं फाटकाच्या गजांना लगटून उभी राहिली. घामेजलेली, कोणाच्या शर्टाची गुंडी उलटसुलट, कोणाकडे पेन नाही. वऱ्हांड्यात शिपाई घंटेचा टोला हातात धरून हेडसरांकडे बघत होता, आणि हेडसर सावकाश, एकेक पायरी मोजत असल्यासारखे, फाटकाकडे येत होते.

"शाळा बुडवलीस तू," ते हळू आवाजात म्हणाले. मुलांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"असेल, सर."

"या सगळ्यांची. माझी नाही, यांची शाळा."

"कळतंय मला. पण यांना यांच्याच शाळेच्या बाहेर ठेवून ती कोणासाठी वाचवायची?"

हेडसरांनी मुलांकडे पाहिलं. मैना गजातून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आयुष्यभर या माणसाने घरांच्या दारात उभं राहून मुलांना शाळेत आणलं होतं. फाटकाच्या आत उभं राहून मुलांना बाहेर ठेवायची वेळ त्यांच्यावर आज पहिल्यांदाच आली होती, आणि ते त्यांना साधत नव्हतं. त्यांनी पीटीसरांचा हात बाजूला केला आणि कडी काढली.

"पळा," ते म्हणाले. "आणि पेन नसेल त्यांनी माझ्या टेबलावरून घ्या."

मुलं घुसली. मागोमाग घंटा झाली.

निकाल लागला आणि शाळा रेषेच्या खाली राहिली. थोडक्यात राहिली, म्हणून जास्त झोंबलं. ती मुलं बसली नसती तर शाळा वाचली असती, हा हिशेब पीटीसरांनी करून सगळ्यांना ऐकवला, आणि हिशेब चूक नव्हता. बाईंनी स्वतः तो घरी दोनदा करून बघितला होता. गावातल्या लोकांनी, ज्यांची मुलं केव्हाच रस्त्यापलीकडे गेली होती, त्यांनीच बाईंना घरभेदी ठरवलं. सासूबाई दोन्ही कानांनी ऐकायला लागल्या आणि रोज नवं काहीतरी ऐकून घरी यायच्या.  पण पहिल्या दिवशी मुलं नव्या शाळेत जायची होती, तेव्हा नवरा सकाळीच उठून बसला आणि म्हणाला, "त्या रस्त्यावर एकटी उभी राहू नकोस. मी येतो."

कारण बाई त्या दिवसापासून रोज सकाळी मोठ्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहायला लागल्या. पीटीच्या तासाचा लाल झेंडा हातात घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध जायच्या, ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या, आणि मुलांची ओळ पलीकडे न्यायच्या. त्यांनी बदलीही पलीकडच्याच शाळेत मागून घेतली. तिथे शेडमधल्या मुलांची वेगळी तुकडी केली होती, 'क', मागच्या बाजूला, संडासाशेजारच्या खोलीत. बाईंनी त्यावरून तिथल्या मुख्याध्यापिकेशी भांडण मांडलं. आपल्या मुलीला 'क' तुकडीत घाला असं सांगायचं त्यांच्या जिभेवर अनेकदा आलं. तेवढं धाडस मात्र झालं नाही. भांडण चालू राहिलं. पुढच्या वर्षी तुकड्या मिसळल्या, काही पालकांनी आरडाओरडा केला, दोघा-तिघांनी मुलं काढून नेली, बाकीचे हळूहळू गप्प झाले.

तरी हेडसर म्हणाले होते ते झालंच. शेडमधल्या काही मुली एकदाही रस्ता ओलांडून आल्या नाहीत. बाई त्यांच्या दारी गेल्या, आयांशी बोलल्या, झेंडा दाखवला. काही आल्या, काही काच निवडायला बसल्या ते बसल्याच. मैना आली. आठवीपर्यंत आली. शब्दांची गणितंही तिला जमू लागली होती. मग एका सोमवारी तिचा बाक रिकामा दिसला. ठेकेदार बदलला होता. सगळं कुटुंब शनिवारीच ट्रकमध्ये बसून गेलं होतं, कुठे ते कोणाला सांगता येईना. बाई शेडमध्ये जाऊन आल्या. दाराला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं.

हेडसर शाळा बंद झाली त्याच वर्षी निवृत्त झाले. बाईंशी बोलणं त्यांनी सोडलं होतं. रस्त्यात समोर आले तर ते दुकानाच्या पाट्या वाचत उभे राहायचे. पुष्कळ दिवसांनी हेडसरांच्या बायकोने बाईंना बाजारात गाठलं. "घरी या," ती म्हणाली. "गुडघेदुखीने बसून आहेत. त्यांच्यापुढे माझं डोकं चालेनासं झालंय. तुमच्याशी भांडले तर बरं वाटेल त्यांना."

बाई गेल्या. हेडसर खिडकीशी पाय लांब करून बसले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्याच नाहीत.

"किती मुलींची शाळा सुटली?" त्यांनी थेट विचारलं.

बाईंनी एकेकीची माहिती दिली. कोण काच निवडते, कोणाचं लग्न ठरतंय, कोण धाकट्या भावंडांना सांभाळते. मैना कुठे गेली ते माहीत नाही, हेही सांगितलं. हेडसर डोळे मिटून ऐकत होते.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो, सर. म्हणाला होतात."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"त्या बाबतीत होतात."

"आणि फाटक मीच उघडलं. ते चुकलं का?"

 बाईंना खोटा दिलासा द्यायचा नव्हता, आणि खरं काय ते त्यांना अजून उलगडलेलं नव्हतं.

"मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण त्या मुली माझ्याकडे डोळे वर करून बघतात. जी आली तीही, आणि जी घरी बसली तीही. तुम्ही फाटक उघडलं नसतंत तर मला त्यांच्या दारात जाता आलं नसतं."

"हे उत्तर नाही," हेडसर चिडून म्हणाले. "गणिताची बाई आहेस. उत्तर दे."

"नाही येत, सर."

हेडसरांच्या बायकोने आतून ओरडून विचारलं, चहा गार झाला तरी भांडण संपलं नाही का? हेडसरांनी पाय खाली घेतला, कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं, आणि कप बाईंच्या पुढे सरकवला.

"पी. आणि गुरुवारी परत ये," ते म्हणाले. "आज अर्धवटच राहिलं."

बाई गुरुवारी गेल्या. त्याही दिवशी ते अर्धवटच राहिलं.